पारव्यांचा मनोरा

"अमीनसाहेब, ते पळाले नाहीत. माझं घर वाचवा!"

नजमुन्निसानं पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, कारभारी यांच्यापुढं नोटीस ठेवली. पोलीस ॲक्शननंतर नवरा नूरमोहम्मद परागंदा, सबब घर सरकारजमा. मुदत उद्याची होती.

नूरमोहम्मद शहराच्या टेहळणी मनोऱ्यावरचा पहारेकरी. शंभर वर्षांच्या त्या मनोऱ्यावरून कुठं आग दिसली की तो कर्णा फुंकायचा. दोन वर्षांपूर्वी मनोरा पाडला, त्याच सुमारास तो नाहीसा झाला.

"तुम्ही वर जायचात?"

"रोज. तळाला खोलगट जागेत रांजण होता. तिथून घागर घेऊन चढायची. दर पायरीला अल्लाचं एक नाव. नव्याण्णव नावं झाली की वरची पहाऱ्याची माची."

कारभारी तिला आणि चार मजुरांना घेऊन जागेवर गेले. नुसती सपाट फरशी. पण वर पारवे, आता नसलेल्या मनोऱ्याभोवती घिरट्या घालत होते, बरोबर माचीच्या उंचीवर.

मनोरा पाडायचा ठेका घेतलेला गुत्तेदार बद्रीनाथ तिथंच हजर झाला.

"नूरमोहम्मदला शेवटी कुणी पाहिलं?"

"म्याच. ठेसनावर, गाडीत बसताना."

"त्याच दिवसांत गुलमंडीच्या बाजारात तुमच्या भावाचं दुकान जळालं, तेव्हा कर्णा वाजला होता?"

"व्हय, लई वाजला."

"मनोऱ्याच्या पायऱ्या किती?"

"चौऱ्याण्णव. एकेक दगड मोजून दिलाय."

"आणि ही फरशी?"

"पहिल्यापास्नं हाय."

"उखडा," कारभारी मजुरांना म्हणाले. बद्रीनाथची पाचावर धारण बसली.

फरशीखाली मुरूम, मुरमाखाली दगडी पायऱ्या, त्यांच्या तळाशी फुटका रांजण, आणि रांजणाशी हाडं. हाडांच्या कुशीत पितळी कर्णा.

"ही बाई नावात चुकणार नाही," कारभारी म्हणाले. "ती नव्याण्णव चढली, तुम्ही चौऱ्याण्णव पाडल्या. उरलेल्या पाच इथं, भरावाखाली. पाडण्याआधीच तुम्ही तळ बुजवलात. दुकानाला आग कुणी लावली, हे वरून एकालाच दिसलं होतं. आणि तो गाडीत बसला, हे सांगणारेही तुम्ही एकटेच."

बद्रीनाथनं हात जोडले. "भावकीच्या रागापायी लावली आग, साहेब. त्यो म्हनला, भावाला तू सांग, नाय तर मी सांगतो. म्या ढकललं त्याला. डोकं रांजणावर..."

नोटीस रद्द झाली, घर राहिलं. माणूस मात्र गेला होता, आणि दोन वर्षं शहर त्याला पळपुटा म्हणत होतं. तेच खरं मानलेल्या अमीनांना स्वतःचीही लाज वाटली.

नजमुन्निसा खड्ड्यात उतरली. कर्णा पदराला पुसून छातीशी धरला आणि नावं घेत पाच पायऱ्या चढली. सहाव्या नावाला तिचं पाऊल सवयीनं उचललं गेलं. पुढं पायरी नव्हती.