तीट गेली कुठे?

तीट पाळण्यात होती आणि फोटोत नव्हती.

आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाळण्यातल्या बाळाच्या डाव्या गालावर काजळाचा चांगला वाटाण्याएवढा ठिपका होता. सकाळी तिनेच तो लावला होता, आणि तीट लावताना आजी कधी हात आखडता घेत नसे. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र त्याच बाळाचा गाल अगदी कोरा दिसत होता.

"अगं बाई! बारशाच्या दिवशी बाळ बिनतिटीचं?" आजी म्हणाली. "एवढी माणसं येऊन गेली, दृष्ट नाही का लागायची!"

नऊ वर्षांच्या ऋजुताचं लक्ष त्या गालावर नव्हतंच. ती बाळाच्या उजव्या कानाजवळ पाहत होती. तिथला तीळसुद्धा नाहीसा झाला होता.

तो तीळ साधासुधा नव्हता. ऋजुताच्या बाबांना उजव्या कानाजवळ जसा तीळ आहे तसाच, त्याच जागी, बाळ घेऊन आलं होतं. पण बाबांनी बाळाला अजून पाहिलंच नव्हतं. ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर बर्फ खोदणारी यंत्रं सांभाळत होते. गेल्या महिन्यात सौरवादळ झालं (म्हणजे सूर्याकडून विद्युतभारित कणांचा लोंढा आला) आणि तिथला मोठा अँटेना बिघडला. तेव्हापासून तिथल्या प्रत्येकाला रोज चार ओळींचा निरोप पाठवता येई आणि महिन्यातून घरचा एकच फोटो मिळत असे. आजचा फोटो पाच वाजता जायचा होता. बाबांनी लिहिलं होतं, 'तीळ माझ्यासारखाय म्हणे! ऋजू, फोटो तूच काढ. तीळ दिसू दे.'

आता सव्वाचार वाजले होते.

"आत्या, टिचकीने बाळाचा तीळ खाल्ला!" ऋजुता रडकुंडीला येऊन म्हणाली.

वैजूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण; आजी मात्र आईची आई. तासाभरापूर्वीच तिने बाळाच्या कानात 'निषाद' हे नाव सांगितलं होतं आणि पाठीवर धपाटेही खाल्ले होते. एरवी ती अवकाशयानांचे कॅमेरे बनवत असे. लिंबाएवढा उडता कॅमेरा, टिचकी, तिनेच ऋजुताला दिला होता. टिचकीच्या पोटात बारा किमया होत्या (किमया म्हणजे फोटो काढतानाच तो बदलून टाकणारी तयार युक्ती). 'बाहुलीघर' लावलं की खरा रस्ता खेळण्यातला वाटे. 'एकच रंग' लावलं की बाकी सगळं करडं होऊन फक्त निवडलेला रंग उरे. 'लोणी' लावलं की चेहरा गुळगुळीत होई आणि 'धुकं' लावलं की वस्तू पुसट होत.

"खरं सांग, कोणती किमया लावली होतीस?" आत्याने विचारलं.

ऋजुताने मान खाली घातली. "लोणी."

"आणि ती कशाला गं?"

"त्याची कातडी सुटतेय ना. नाकावर पुरळपण आहे. बाबांना तो छान दिसावा म्हणून..."

आत्या हसली नाही. तिने ऋजुताला जवळ ओढून घेतलं आणि विचारलं, "टिचकी, मूळ प्रत आहे?"

"नाही," टिचकी म्हणाली. "ठेवू का, असं मी परवा विचारलं होतं. ऋजुता म्हणाली, नको, जागा नाही. जागा मांजराच्या तीनशे बारा फोटोंनी भरली आहे."

"चुगलखोर!" ऋजुता पुटपुटली. मग तिला वाटलं, लोणी काढून टाकलं तर? "आत्या, किमया उलटी फिरव ना!"

"फिरते का बघू. घुगऱ्या उरल्यात का?"

बारशाच्या घुगऱ्या पातेलंभर उरल्या होत्या. आत्याने नऊ वाट्या तीन-तीनच्या तीन ओळींत मांडल्या. कडेच्या आठ वाट्यांत तिने अठरा-अठरा हरभरे मोजून टाकले आणि मधल्या वाटीत फक्त दोन.

"फोटो पिक्सेलचा बनतो (पिक्सेल म्हणजे फोटोतला एक चिमुकला ठिपका). प्रत्येक पिक्सेलमागे एक आकडा असतो. उजेड जास्त तर आकडा मोठा, काळोख असेल तर लहान. ह्या आठ वाट्या म्हणजे बाळाचा गाल. मग मधली कोण?"

"तीळ!"

"आता लोणी लावायचं. लोणी म्हणजे सरासरी. सगळे हरभरे एकत्र कर आणि नऊ वाट्यांत सारखे वाट."

ऋजुताने वाटले. प्रत्येक वाटीत सोळा हरभरे आले. दोन उरले, ते आत्याने तोंडात टाकले.

"आता मला सांग, मगाशी दोन हरभऱ्यांची वाटी कोणती होती?"

"ही मधली."

"तू बघत होतीस म्हणून तुला माहीत. आजी, तुम्ही आत होतात. तुम्ही सांगा बरं!"

आजी नऊ वाट्यांकडे बघत राहिली. "मला काय ठाऊक? सगळ्या सारख्याच तर आहेत."

ऋजुता एकदम म्हणाली, "म्हणजे तीळ लपलेला नाहीये. त्या फोटोत तो कुठे होता हेच पुसलं गेलंय. मग आणायचा कुठून!"

"शाब्बास! खरी टिचकी ही वाटणी पुन्हा पुन्हा करते. डोळे आणि ओठ ओळखून ती तेवढे सोडते, पण गालावर डाग दिसला की सारवून टाकते." आत्याने वाटीतले हरभरे पुन्हा पातेल्यात ओतले. "ह्यात माझीही चूक आहे, ऋजू. ही किमया माझ्याच लोकांनी बनवली. टिचकीला शिकवताना आम्ही हजारो चेहरे दाखवले, पण त्यात तीट लावलेलं एकही बाळ नव्हतं. प्रेमाने लावलेला ठिपका तिला घाणच वाटणार. मी स्वतः तीट लावून वाढले आणि मला सुचलं नाही!"

"तेवढी शिकलीस, पण काजळ विसरलीस," आजी म्हणाली आणि तिच्यापुढे आणखी घुगऱ्या ठेवल्या.

साडेचार वाजले. दुसरा फोटो काढायला हवा होता, पण निषादने उजवा गाल उशीत खुपसून ताणून दिली होती. पाहुण्यांच्या फोटोंत त्याने कुंची घातली होती आणि कान झाकलेले होते.

"निजलेल्या बाळाला उठवायचं नाही. चंद्रावरून सांगावा आला तरी नाही," आजीने बजावलं.

आई आतल्या खोलीत पडली होती, म्हणून तिघीच पाळण्याभोवती बसून राहिल्या. ऋजुता घड्याळाकडे बघून नखं खात होती. पाचला बारा मिनिटं असताना निषाद जागा झाला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. चेहरा लालबुंद झाला होता, नाकावर पुरळ होतं, कपाळाची साल निघत होती. डाव्या गालावर तीट होती आणि उजव्या कानाजवळ तीळ.

"किमया नको ना?" टिचकीने विचारलं.

ऋजुताने पाळण्याच्या मागे पाहिलं. दोरीवर लंगोट आणि दुपटी वाळत होती. बाबांना त्यांत काही पाहायचं नव्हतं.

"धुकं लाव, पण फक्त मागे," ती म्हणाली. "चेहऱ्याच्या एकाही ठिपक्याला हात लावू नकोस. आणि मूळ प्रत ठेव. जागा कमी पडली तर मांजराचे फोटो काढून टाक."

आत्याने तिची पाठ थोपटली. "किमया कुठे लावायची ते आता तुला कळलं. उद्या आपण टिचकीला तीट शिकवायला घेऊ. गावातली बाळं शोधायचं काम तुझं."

फोटो पाचला दोन मिनिटं असताना गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांच्या चार ओळी आल्या. आईने त्या बाळाला मांडीवर घेऊन मोठ्याने वाचल्या.

'तीळ दिसला. इथल्या अकरा जणांना दाखवून झाला.
कातडी सुटतेय तेही पाहिलं. ऋजू, तूही अशीच सोलली होतीस आणि मी घाबरून डॉक्टरांकडे धावलो होतो.
त्यांनी सांगितलं होतं, असंच असतं, हीच खूण नव्या बाळाची.
पुढच्या महिन्याचा फोटो तुझा. जशी आहेस तशी.'

ऋजुताने आईच्या हातून फोन घेतला आणि शेवटची ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग ती निषादशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तीट मलापण लाव."