काचेची तार

ए सुनील, चिकू नंतर भर. आधी दार लोट, वारा येतोय. आणि दात काढू नका रे, ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या घोलवडच्या परेशने माझ्यापाशी रडत सांगितलीय.

तलासरीच्या एका खासगी दवाखान्यात तो मशीन चालवायचा. तिथला डॉक्टर मशीनने गाठीला आतून शेक देऊन ती मारायचा. आत किती तापलंय ते कळायला गाठीत केसाएवढी काचेची तार घालायची. तिच्यातून उजेड जातो नि स्क्रीनवर आकडा येतो.

डोंगराकडची बायजी आली. काखेत गाठ. शेक चालू असताना ती हलली आणि तार निसटली. परेश म्हणाला, "सर, थांबू या, परत घालू." डॉक्टरला घाई. "चिकटपट्टीने वरच लाव. चालतंय." मेल्याने तेच करायला लावलं! तार कातडीवर, मग आतला आकडा कुठून दाखवणार? बायजी ओरडत होती, "भाजतंय, आतून भाजतंय!" डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "एकोणचाळीस. नाटकं करू नको."

आठवड्यात बाई गेली. जाताना परेशला म्हणाली, "त्यालाही कळंल." तिचा पोरगा बाबल्या माझ्याकडेच फळं उतरवायला येतो. त्याच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

गेल्या पौषातली अमावास्या. मशीन डहाणूला पोचवायचं होतं. तारेसकट ते पेटीत घातलं, कुलूप लावलं नि पेटी मागच्या सीटवर ठेवली. गाडी परेश चालवत होता, शेजारी डॉक्टर. रात्री साडेअकराच्या सुमाराला रानशेत मागे पडलं.

"एसी वाढव रे," डॉक्टर म्हणाला. थोड्या वेळाने परत तेच. मग काच खाली केली. मग कॉलर ओढायला लागला.

"परेश... भाजतंय."

परेशने त्याच्या कपाळाला हात लावला. गार. एकदम गार.

"सर, ताप नाही."

"आतून रे... आतून!"

मागे उजेड पडला. पेटी बंद. कुलूप तसंच. फटीतून हिरवा उजेड...

आणि बाईचा आवाज. शांत.

"एकोणचाळीस. नाटकं करू नको."

परेशने मागे पाहिलं नाही. गाडी हाणली. डॉक्टर किंचाळत होता. मग...

मग नाही.

डहाणूच्या हॉस्पिटलात त्याचा शर्ट काढला. डाग नाही, फोड नाही. फक्त काखेत पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्याखाली काचेची तार. परेशने सगळ्यांसमोर खिशातून किल्ली काढून पेटी उघडली. आत मशीन होतं. तार नव्हती.