पवित्र गुरुवारचं घंगाळ

भातशेतातली मेर, म्हणजे बांध, एवढीशी. तिच्यावरून एका वेळी एकानंच जावं, आणि समोरून कुणी आलंच तर दोघांतल्या एकानं निमूट भातात उतरावं, हा तोंडवलीकडच्या शेतांचा जुना कायदा. त्या सकाळी एका बाजूनं मर्लिन आली, डोक्यावर आजोबांच्या पेजेची डेचकी घेऊन. दुसऱ्या बाजूनं एक अनोळखी तरुण, खांद्याला औषधांची पिशवी, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. बरोबर मध्यावर दोघं थांबली.

"तुम्ही उतरू नका," तो म्हणाला. "माझ्या पायात बूट आहेत. तुमच्या पायात काय आहे?"

"पैंजण. दिसनत नाय?"

"दिसतात ना..." तो गडबडला. "पण पैंजण काय लेप्टोक अडवचे नाय."

गोंधळला की हा मालवणीत येतो, हे मर्लिनच्या तिथंच लक्षात आलं. आवडलंही. तो ऐटीत भातात उतरला, आणि दुसऱ्याच पावलाला बूट चिखलात रुतून पाय तेवढा वर आला. मर्लिन इतकी हसली, की डेचकी कलंडून पेजेचा एक ओघळ त्याच्या खांद्यावर आला.

त्याचं नाव निलेश. गाव तळेऱ्याकडचं, नुकताच इथल्या उपकेंद्रात आरोग्यसेवक म्हणून आलेला. आला तोच लेप्टोच्या तापाबरोबर. उंदरांच्या मुतानं शेतातलं पाणी नासतं आणि पायाच्या भेगांतून ताप अंगात शिरतो, हे तो दारोदार सांगत फिरे. जेवून गोळी घ्या, बूट घाला. लोक माना डोलवत आणि अनवाणीच शेतात जात. मर्लिनच्या शेजारचा भिकाजी असाच गेला होता. तापानं फणफणला, त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं, तो परत आलाच नाही.

मेरेवरच्या भेटी मात्र वाढल्या.

"तुमका दुसरी मेर गावना नाय?" मर्लिननं एकदा विचारलं.

"गावता... पण हयसर नेटवर्क बरा येता."

"मोबाईल खंय आसा?"

त्यानं खिसे चाचपले. "...घरी रवलो."

एक दिवस मात्र ती हसली नाही. कणसांचं फेस्त, नव्या भाताचा सण, तोंडावर आलं होतं. त्या दिवशी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, झाली की सगळे मिरवणुकीनं शेतात जातात, नव्या भाताची पहिली कणसं कापतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, आणि घरटी एक कणीस देव्हाऱ्यात जातं. कापायचा मान मर्लिनच्या आजोबांचा, कॉन्स्टान्सियोंचा. कापणारा अनवाणी जातो, ही रीत. यंदा मानाचा कुणगा, कणसं कापायचा तो भाताचा तुकडा, भिकाजीच्या शेताला लागून होता, आणि आजोबांच्या टाचा दुष्काळातल्या तळ्यासारख्या फुटलेल्या.

"तेका काय झाला तर माका दुसरा कोण आसा रे?" ती म्हणाली. 'तुमका'वरून 'रे'वर ती कधी आली, ते दोघांनाही कळलं नाही.

फेस्ताच्या सकाळी फादर ब्रॅंडननी मिस्सेनंतर निलेशला बोलायला उभं केलं. मंडळी आधीच कामाला लागली होती. चर्चच्या पडवीत पेजेची चूल पेटली होती. पेज प्यायची, गोळी घ्यायची, मग मालवणहून गोळा करून आणलेले बूट चढवायचे. फादरांनी झग्याखाली स्वतः गमबूट घातले. फेस्ताच्या साड्या वर खोचून बायकाही बूट घालायला बसल्या, एकमेकींकडे बघून हसू लागल्या. एकटे आजोबा कोयता घेऊन बाकावर बसले होते, अनवाणी.

"देवान ज्या जमनीत अन्न दिल्यान, थंय बूट घालून कोण जातलो? तुमी जावा. मी असोच जातलंय."

फादरांनी समजावलं, मर्लिन रडली. आजोबा ढिम्म.

निलेश आतल्या खोलीत गेला. उघड्या कपाटातून पितळेचं घंगाळ घेऊन आला, चुलीवरचं ऊन पाणी त्यात ओतलं, आणि जमिनीवर बसून त्यानं आजोबांचा पाय उचलून त्यात ठेवला.

बूट चढवणाऱ्यांचे हात जागीच थांबले. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? हे घंगाळ वर्षातून एकदाच बाहेर निघतं, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर त्यात बारा माणसांचे पाय धुतात. आजोबांना त्या बारांत दरवर्षी बोलावणं असे, आणि 'माझे पाय कसले, चिखलाचे' म्हणून ते दरवर्षी नाकारत. घंगाळ घासूनपुसून ठेवणारी आपोलिना मावशी ताडकन उठली.

"रवांदे, आपोलिना," फादर हळूच म्हणाले. "ता ह्याच्यासाठीच आसा."

निलेश एकेक भेग साबणानं धूत होता. आईनं तान्ह्याला न्हाऊ घालावं, तसा. "आजो," तो मान खाली घालूनच म्हणाला, "भिकाजीक ओरोसाक मीच नेलंय. परत हाडूक माका जमूक नाय. तुमका माका न्हेवचा नाय."

आजोबांच्या हातातला कोयता खाली आला. "माझ्या पायांक आजपर्यंत कोणी हात लावूक नाय रे, झिला," ते म्हणाले, आणि डोळे पुसत त्यांनी दुसराही पाय पुढे केला. निलेशनं तोही धुतला, दोन्ही कोरडे केले, मलम लावलं, बूट चढवले. मर्लिन भिंतीला टेकून बघत राहिली. आपण देवाच्या दारात उभ्या आहोत याची तिला आयुष्यात इतकी जाणीव कधी झाली नव्हती. या माणसावर आपण प्रेम करतो, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

त्या दिवसानंतर घंगाळ कपाटात गेलंच नाही. रोज संध्याकाळी शेतातून येणारा प्रत्येकजण पडवीत बसे, हिंदू असो वा ख्रिस्ती. मंडळीतली माणसं पाळी लावून पाय धूत, जखमा बघत, तापलेल्याला लगेच दवाखान्यात पाठवत. भिकाजीच्या बायकोचे, शेवंतीचे पाय आपोलिना मावशीनं स्वतः धुतले.

भात कापून झालं, ताप ओसरला. शेवटच्या संध्याकाळी पडवी रिकामी झाल्यावर मर्लिननं घंगाळात ऊन पाणी ओतलं.

"बस. सगळ्यांचे बघतंस, तुझे पाय कोण बघता?"

"माझ्या पायात बूट आसत..."

"काढ."

बुटानं घासून टाच सोलवटली होती. तिनं पाऊल हातात घेतलं. तो दचकला, पण पाय मागे घेतला नाही.

"त्या मेरेवर नेटवर्क येना नाय," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "माका पयल्यापासून म्हायत आसा. मगे कित्याक येय होतंस?"

त्यानं पाण्यातल्या आपल्या पावलाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "पैंजण ऐकूक... जल्मभर ऐकूचे आसत. तुका चलात?"

तिनं मान वर केली नाही. पदराच्या टोकानं त्याची टाच पुसली, सावकाश, आणि पाऊल तसंच ओंजळीत धरून ठेवलं.

"गो मर्लिन," पायऱ्यांवरून आजोबांची हाक आली. ते अजून गमबुटातच होते. "धुवन झाला काय? पेज निवता हयसर. दोघांचीय वाढलंय."