दाराजवळचा सेन्सर

“तीनदा फोन उचलला नाही, तर चौथा करत बसायचं नाही. चपला घालायच्या आणि निघायचं.” काम शिकवताना आमच्या ऑफिसातल्या ताईंनी बजावलं होतं.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमची कंपनी हालचाल टिपणारे सेन्सर बसवते. बसवण्यापासून शेवटी काढून आणेपर्यंत त्यांची सगळी देखभाल माझ्याकडे. त्या दुपारी एका आजींच्या घरातला एक सेन्सर अचानक बंद झाला. तीन फोन झाले. मी निघाले.

दार एका तरुणाने उघडलं. दाढी वाढलेली, हातात भिंतीवरून उपटलेला सेन्सर.

“आजी कुठे आहेत?”

“आई... गेली. मागच्या आठवड्यात.” मग ओशाळून म्हणाला, “येता-जाता याचा दिवा लुकलुकायचा. बघवेना.”

मी मनात देवाचं नाव घेतलं. मग कामाचंच बोलले. “असं उपटायचं नसतं. आधी एकेक बंद करून काढायचा, शेवटच्याबरोबर साठलेली सगळी माहिती पुसायची, मग नाव कमी करायचं.”

“माझ्या नावावर करून टाका ना.”

“तुम्ही कुठे म्हातारे आहात?”

“हालचाल तर कमी आहे. निदान कुणी विचारपूस करायला येईल.”

मी खाली बघितलं. हसू नये अशा घरात मला हसू आलं होतं...

बाकीचे सेन्सर एका फेरीत निघाले असते. मी पुरवून पुरवून काढले.

“आज एवढाच?” तो विचारायचा.

“घाईने बिघडतं,” मी म्हणायचे. खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. त्या उंबऱ्यापाशी तो ढिला पडायचा.

शेवटी दाराजवळचा राहिला.

“पुसण्याआधी... तिचा दिवस दाखवाल?”

मी फोनच्या पडद्यावर उघडला. पहाटेचं उठणं, ओट्याशी वावर, खिडकीशी थोडं, दुपारी पडणं. आणि रोज संध्याकाळी दाराशी, बराच वेळ.

“दाराशी काय करायची?”

मी पडदा त्याच्याकडे वळवला. हळूहळू त्यालाही कळलं.

“रविवारी येतो म्हणायचो मी,” तो म्हणाला. “आणि यायचो नाही.”

बाहेर करडं आभाळ पार छपरांवर उतरलं होतं. त्याचं बोट ‘पुसा’वर नुसतंच थांबलं. मी माझं बोट शेजारी ठेवलं. दोघांनी मिळून दाबलं... पडदा कोरा झाला.

“परवा कामावर परत जातोय. लांब आहे. आता इथे माझी वाट बघणारं काहीच उरलं नाही.”

“यंत्रच हवं का—माणूस चालेल?” बोलून गेले, आणि कान तापले.

तो बघत राहिला. “किती दिवस टिकतं?”

“नीट सांभाळलं तर... शेवटपर्यंत.”

त्याने घराची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. “महिनाअखेरीला येईन, संध्याकाळच्या गाडीने. या वेळी नक्की.”

“मी दाराशी असेन.”

आज महिनाअखेर. सकाळपासून मळभ आहे. त्याचा फोन नाही, निरोप नाही.

“आणि नाहीच आला तर?” माझ्या आईने विचारलं.

“येणं न येणं त्याच्याकडे. थांबते म्हटलंय मी, तेवढं माझ्याकडे.”

मी देवापुढे हात जोडले, छत्री आणि त्याच्या घराची किल्ली घेतली आणि जिना उतरू लागले.