आबांची खुर्ची आणि मुका झालेला स्पीकर

आबा टिळेकरांचा डावा कान गेला, असं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. ही २०६२ सालातली गोष्ट. आबांनी जन्मभर आवाजावर संशोधन केलं होतं, शिवाय ते भजनी मंडळाचे पक्के टाळकरी. दर शनिवारी जुन्या स्पीकरच्या जोडीवर मंडळाचं ध्वनिमुद्रण ऐकायचा त्यांचा नेम. एका शनिवारी डावीकडचे टाळ त्यांना ऐकूच आले नाहीत. झालं. गडी असा हबकला, की टाळ फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेले आणि मंडळात जाणंच बंद झालं.

नातीला, शलाकाला, हे मुळीच पटेना.

"आबा, कान तपासून तरी घ्या ना."

"वय झालं बाळा," म्हणत आबा विषय बदलायचे. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

एका दुपारी आबा झोपलेले पाहून शलाकाने तेच ध्वनिमुद्रण लावलं आणि खुशाल आबांच्या खुर्चीत जाऊन बसली. घरचा यंत्रमानव गुंड्या लगबगीने आला.

"ही जागा आबांची. इथे दुसरं कोणी बसत नाही."

"म्हणूनच बसतेय."

आणि ऐकते तर काय, डावीकडचे टाळ तिलाही ऐकू येईनात. तिचे कान तर जेमतेम दहा वर्षांचे!

तिने गुंड्याकडून डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून घेतला. आता टाळ उजवीकडचे गायब झाले. म्हणजे दोष त्या खोक्याबरोबरच फिरत होता. आबांचा कान निर्दोष सुटला. मग तिने आबांना हलवून उठवलं.

आबांनी चष्मा चढवून खोकं उघडलं. "हे बघ, आत दोन कर्णे (थरथरून आवाज काढणारे पडदे). मोठा मृदंगाचा जाड आवाज काढतो, छोटा टाळांचा बारीक. छोट्याच्या वाटेवर हा कपॅसिटर (विजेची जलद कंपनं पुढे सोडणारा, संथ कंपनं अडवणारा भाग). चाळणीच म्हण ना. वर्षानुवर्षं आतला द्रव सुकत जातो, मग चाळणीची भोकं बुजतात."

गुंड्याने मीटर लावला. "यावर क्षमता चार लिहिलीय. माप भरतंय जेमतेम एक."

"मग हा एवढाच बदलू या," शलाका म्हणाली.

"दुसऱ्या खोक्यातलाही त्याच वयाचा आहे," आबा म्हणाले. " दोन्ही बदलू, म्हणजे जोडीचा आवाज सारखा राहील."

नवे कपॅसिटर जोडून झाले आणि खोलीभर टाळ खणखणले.

"जगाची यंत्रं तपासली मी," आबा म्हणाले, "आणि स्वतःचा कान तपासायला घाबरलो."

शलाकाने त्यांचा हात धरला. "आबा, कानातलंच काही सुकलं, तर तेही असं बदलता येईल?"

"अजून आम्हाला पुरतं जमलेलं नाही. तुम्ही जमवाल." मग ते गुंड्याकडे वळले. "माळ्यावरचे टाळ काढ. आणि आजपासून नियम बदल. दर शनिवारी या खुर्चीत आधी दुसऱ्या कोणीतरी बसून ऐकायचं."

गुंड्याने टाळ आणून दिले. नातीचं बोट धरून आबा मंडळाकडे निघाले, तेव्हा वार शनिवारच होता. गुंड्या मात्र घरीच थांबला. तो खुर्चीत ऐसपैस बसून टाळ ऐकत होता.