शिल्लक तास

आमच्या स्टोअरमध्ये हेलिकॉप्टरचे अकरा हजार चारशे सुटे भाग आहेत आणि त्यातला प्रत्येक भाग हाक मारली की ओ देतो. हे मी कौतुकानं सांगत नाही. प्रत्येक भागाला नखाएवढी आरएफआयडी चिप चिकटवलेली असते. तिला बॅटरी नसते. दारातल्या रीडरच्या लहरी अंगावर आल्या की ती जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प बसते. तिच्या पोटात थोडी माहितीही असते: भाग कोणता, कुणी बसवला, कशात बसवला आणि अजून किती तास चालेल. आमच्या धंद्यात भागाचं आयुष्य तासांत मोजतात. तास संपले की भाग कितीही चकचकीत दिसो, त्याची जागा भंगारात.

मी या स्टोअरची प्रमुख. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या पाठीमागे मला मोजणीबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. आधी वह्या होत्या, मग संगणक आला, मग या चिपा आल्या. माणसं बदलली, साहेब बदलले, माझी मोजणी कधी चुकली नाही. निदान तसं सगळ्यांना वाटतं.

समोरच्या हँगरमध्ये माझा धाकटा भाऊ मेकॅनिक होता. काहीही घट्ट बसवलं की त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "बसलं." लहानपणी माझ्या सायकलची चेन बसवायचा, तेव्हापासूनची खोड. आमच्याकडे नियम असा, की ज्यानं दुरुस्ती केली त्यानं पहिल्या चाचणीला आत बसायचं. नियम चांगला आहे. त्यामुळे कुणी अंगचोरपणा करत नाही.

पाच महिन्यांपूर्वी, एका बुधवारी सकाळी अकरा वाजता, धाकट्यानं दुरुस्त केलेलं हेलिकॉप्टर धावपट्टीपलीकडच्या माळावर कोसळलं. वैमानिक गेला आणि धाकटाही गेला.

गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग तुटलं होतं. स्टोअरच्या नोंदीप्रमाणे त्याचे आठशे चाळीस तास शिल्लक होते, म्हणजे भाग जवळजवळ नवा. मग चूक कुणाची? बसवणाऱ्याची. मेलेला माणूस हरकत घेत नाही, त्यामुळे चौकशी भराभर पुढे सरकली. शेवटची सुनावणी एका शुक्रवारी साडेदहाला होती. साक्षीला मला बोलावलं होतं. स्टोअरच्या नोंदींबद्दल स्टोअरच्याच बाईला विचारायचं, म्हणजे उंदराला मांजर साक्ष. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या आधीच्या शनिवारी मोठ्या दाराजवळच्या पडद्यावर एक आकडा जास्त आला.

माल आत येत होता. ट्रॉलीवर चाळीस खोकी, पडद्यावर एक्केचाळीस नोंदी. मी खोकी दोनदा मोजली. मग जास्तीची नोंद उघडली. चिपच्या नंबराचे शेवटचे चार आकडे वाचले आणि खुर्ची ओढून बसले. ती त्या बेअरिंगची चिप होती. ती वितळलेली मी स्वतः पाहिली होती. चौकशीच्या कपाटात, लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात ती पडून होती.

बसवणारा: धाकट्याचा बिल्ला नंबर. कशात बसवला: कोरं. शिल्लक तास: १४४.

भिंतीवरच्या घड्याळात बरोबर अकरा वाजले होते.

रीडर बसवणारा आमचा चिपवाला साठीला टेकलेला, सदा हसतमुख माणूस. मी त्याला बोलावलं.

"घाबरू नका ताई, याला आम्ही भूतनोंद म्हणतो," तो म्हणाला. "लहरी पत्र्यावर आपटून परत येतात आणि रीडरला भास होतो. माणसांना होतो, मग यंत्रानं काय पाप केलंय?"

"भासाला पूर्ण नंबर आठवतो?"

त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. "जुनी नोंद कुठंतरी अडकली असेल. पुसून टाकतो."

त्यानं ती पुसली. सोमवारी अकरा वाजता ती तपासणीच्या खोलीच्या दारावर आली. शिल्लक तास: ९६. मंगळवारी रॅकच्या दाराशी, ७२.

"चिपमध्ये घड्याळ नसतं ताई," चिपवाला या वेळी न हसता म्हणाला. "तास आपोआप उतरत नाहीत. कुणीतरी लिहावे लागतात."

मी त्याला म्हटलं, वायर तपासा. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी भावजय घरी आली. चपला दारातच काढून ती उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. तिच्या हातात धाकट्याची खिशातली वही होती. कोपरे तेलकट झालेली. तो रोजचं काम तिच्यात लिहायचा.

"ताई, हे एवढंच वाचा."

सोमवार, असं वर लिहिलं होतं. खाली त्याचं तिरकं अक्षर: बेअरिंग फिरवताना हाताला खरखर लागते. ताईला फोन केला. नोंद स्वच्छ आहे म्हणाली. बसवलं.

"तुम्ही दुसरं काही सांगू नका," भावजय म्हणाली. "त्यानं विचारलं होतं, एवढंच सांगा. त्यानं निष्काळजीपणा केला नाही, एवढंच. आमच्या लेकीला वर्गात म्हणतात, तुझ्या बापानं हेलिकॉप्टर पाडलं. ती आता शाळेत जात नाही म्हणते."

"बघते," मी म्हटलं.

"बघते नको ताई. सांगते म्हणा."

मी वही तिच्या हातात परत दिली.

आता आडपडदा ठेवून उपयोग नाही. चिपा लावायचं काम आठ महिने चाललं होतं आणि शेवटच्या आठवड्यात मी स्वतः टेबलावर बसले होते. समोर दोन सारखी बेअरिंगं होती. एक नवं, दुसरं तास संपलेलं, भंगारात जाणारं. दोन चिपा तयार होत्या. साहेबांचा फोन आला, आकडा विचारायला. एका हातात फोन धरून मी दुसऱ्या हातानं चिपा चिकटवल्या. उलटसुलट.

अपघाताच्या आधीच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता भंगाराची पेटी तपासताना पोलादावर कोरलेला नंबर दिसला आणि मला कळलं. नवं बेअरिंग भंगारात पडलं होतं. मेलेलं बेअरिंग तिसऱ्या रॅकवर आठशे चाळीस तासांची चिप मिरवत बसलं होतं. माझ्या हाताच्या अंतरावर. ते उचलायचं, एक फॉर्म भरायचा, संपलं. पण फॉर्म भरला की तफावत एक. मंगळवारी तपासणीवाले येणार होते आणि आम्हाला तफावत शून्य हवी होती. शून्याचं प्रमाणपत्र, भिंतीवर लावायला.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "झाकली मूठ राहू द्या. मंगळवारनंतर बघू. तास संपले म्हणून लगेच मोडत नाही."

त्यांनी मला दम दिला नाही. मला तेच ऐकायचं होतं, हे खरं.

सोमवारी धाकट्याचा फोन आला. "ताई, हे जरा खरखरतंय गं." मी म्हटलं, आठशे चाळीस तास शिल्लक आहेत, नोंद स्वच्छ आहे. तो म्हणाला, "तू म्हणतेस म्हटल्यावर प्रश्नच नाही." आणि फोनवरच मला टकटक ऐकू आली. दोनदा.

गुरुवार अकरा ते बुधवार अकरा. मोजणीबाईला हिशेब करायला बोटं लागत नाहीत. मला माहीत होतं आणि मी गप्प होते, ते तास एकशे चव्वेचाळीस.

सुनावणीच्या आठवड्यात, बुधवारी, नोंद माझ्या खोलीबाहेरच्या बोळात आली. ४८. गुरुवारी माझ्या टेबलावरच्या रीडरवर, २४. मी फायली उचलल्या, खण उपसले, पर्स उलटी केली. काही नव्हतं.

चिपवाला हातातला शोधक घेऊन आला. या यंत्रात चिपचा नंबर घातला की ती जवळ येईल तशी पिकपिक वाढते. रॅकपाशी यंत्र मुकं होतं. दाराशी ते एकदा वाजलं. टेबलाच्या दिशेनं वळवलं तशी पिकपिक जलद झाली.

"जरा बाजूला व्हा ताई," तो म्हणाला. "तुम्ही मध्ये आहात. माणसाच्या अंगात पाणी असतं, त्यात लहरी अडतात. माणसाआड गेलेली चिप बोलत नाही."

मी बाजूला झाले. आवाज मंदावला.

मी पुन्हा समोर आले.

यंत्र एकसारखं किंचाळायला लागलं. त्यानं ते झटकन बंद केलं, पट्टा गुंडाळला, पिशवीत टाकलं.

"बॅटरी उतरली असेल," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. जाताना तो भिंतीला धरून गेला, मला वळसा घालून.

शुक्रवार. सुनावणीची खोली आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे तीन ग्लास. भावजय मागच्या खुर्चीत. मांडीवर वही.

जिना चढताना मी ठरवलं होतं, सांगायचं. अगदी शेवटच्या पायरीपर्यंत ठरवलं होतं.

"स्टोअरच्या नोंदीत काही तफावत होती?"

भिंतीवर घड्याळ होतं. अकराला तीन मिनिटं कमी.

"नव्हती," मी म्हटलं.

"भाग बसवण्यापूर्वी मेकॅनिकनं तुमच्याकडे काही शंका घेतली होती?"

मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. मी ते प्यायले.

"आठवत नाही."

मागे वही मिटल्याचा आवाज आला. बस्स, तेवढाच. भावजय रडली नाही, ओरडली नाही. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबली.

"त्यालाही तुम्ही हेच सांगितलं असतं का हो ताई, तोंडावर?"

तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

मी खाली आले. स्टोअर रिकामं होतं, सगळे चहाला गेले होते. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा रीडर एकदा वाजला.

पडद्यावर एकच नोंद होती.

शिल्लक तास: ०.

बसवणारा: धाकट्याचा नंबर.

कशात बसवला. आठवडाभर तिथं कोरं होतं. आता चार आकडे होते.

मी गळ्यातला माझा बिल्ला उचलून वाचला. सत्तावीस वर्षांत तो वाचायची वेळ कधी आली नव्हती.

आकडे जुळले. तफावत शून्य.

मी हात छातीवर धरून उभी राहिले. पंखा फिरत होता. दुसरा काही आवाज नव्हता.

मग डाव्या बरगडीवर, बोटाच्या पेरानं करावी तशी, दोनदा टकटक झाली. आतून.