दोरी सैल पडली तेव्हा

ही गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची.

ताईला खोटं बोलता येत नाही. शेजारणीने साखर मागितली, तर डबा रिकामा आहे एवढंसुद्धा तिच्या तोंडून निघत नाही. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

थंडीतला सोमवार होता. रात्र नव्हती, दिवेलागणही व्हायची होती. हे मुद्दाम सांगते, कारण असलं काही अंधारातच होतं असं मलाही वाटायचं.

आमचं गाव नदीकाठचं. छोटंसंच. बाहेरचे लोक येतात, जुन्या दगडी पुलावर फोटो काढतात, होडीतून चक्कर मारतात आणि शेवटी जुनी कापडगिरणी बघतात. गिरणी कधीच बंद पडली. आता तिथे संग्रहालय आहे आणि ताई तिथे लोकांना माहिती सांगते.

गिरणीत सगळे थांबतात ते पाळण्यांच्या खोलीत. ही खोली खाली, नदीच्या अंगाला. वरच्या मजल्यावर मागांचं लांबलचक दालन, आणि त्याच्या जमिनीच्या फळ्यांना ओळीने भोकं पाडलेली. विणकाम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना खाली जमिनीवरच्या डुलत्या लाकडी पाळण्यात निजवायच्या, पाळण्याला दोरी बांधायच्या, ती भोकातून वर घ्यायच्या आणि पायाच्या अंगठ्याला गुंडाळायच्या. हात मागावर, पायाने झोका. बाळ चुळबुळलं की अंगठ्याला कळायचं.

लोकांना हे फार गोड वाटतं. पाळण्यांशेजारी उभं राहून फोटो काढतात.

एकदा एक म्हातारी आली होती. तिची आजी त्या मागांवर होती. ती एका भोकापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दोरी ताणलेली असली की बाळ जागेवर आहे. त्या दिवशी सगळ्यांच्या दोऱ्या एकदम सैल पडल्या गं. नदी आत शिरली होती. पाळणे तरंगायला लागले होते."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय. बायका दाराकडे धावल्या. दार बाहेरून लावलेलं. कामाच्या वेळात कुणी खाली जाऊ नये म्हणून मुकादम कडी घालायचा. बाहेरच उभा होता तो. ऐकत."

ताई तेव्हा पोटुशी होती. ती त्या रात्री जेवली नाही.

पण तिने हे पर्यटकांना सांगायला सुरुवात केली आणि साहेबांनी तिला बोलावून घेतलं. संग्रहालयाचे व्यवस्थापक ते. "लोक इथे सुट्टी घालवायला येतात," म्हणाले. "रडायला नाही. ते वाक्य काढून टाक. मुलं आईच्या पायाशी सुखाने झोपत, एवढं पुरे."

त्या सोमवारी संग्रहालयाला सुट्टी होती आणि साहेबांना वर मागांच्या दालनात ताईच्या आवाजात माहिती ध्वनिमुद्रित करायची होती. पाहुण्यांनी कानाला लावून ऐकायची. नेमकं त्याच दिवशी ताईच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. भावोजी तिकडे. ताई चिमणीला कडेवर घेऊनच गेली. चिमणी म्हणजे माझी भाची, तेव्हा नुकती रांगायला लागलेली.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "हे संग्रहालय आहे, पाळणाघर नाही."

"पाळणाघरच होतं साहेब," ताई म्हणाली.

"जीभ फार चालते तुझी. मुलगी वर नको. एक हुंकार दिला तरी सगळं फुकट जाईल."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी हवी होती. चिमणी दूध पिऊन गाढ झोपली होती. आणि मग ताईने ते केलं जे रोज लोकांना नुसतं सांगायची...

तिने लेकीला खालच्या पाळण्यात निजवलं. दोरी भोकातून वर घेतली. अंगठ्याला गुंडाळली.

म्हणाली, "मला काही वावगं वाटलंच नाही. इतकं सोपं होतं."

वरच्या दाराला वाऱ्याने आपटायची खोड. साहेब बाहेर कानाला यंत्र लावून बसले आणि त्यांनी बाहेरून कडी घातली.

ताई बोलायला लागली. पूल, गिरणी, माग. मधून मधून पायाने हलकेच झोका. दोरी ताणलेली. लेक जागेवर.

मग ते वाक्य आलं.

"मुलं आईच्या पायाशी सुखाने..."

दोरी सैल पडली.

ताई थांबली. अंगठा हलवला. दोरी नुसतीच फळीवर लोळली.

मग वास आला. गढूळ पाण्याचा, कुजक्या चिखलाचा...

तिने वाकून भोकात डोळा लावला. खाली काळं काहीतरी चकाकत होतं. हलत होतं.

ती दारावर धावली. "साहेब, दार उघडा."

"वाक्य पूर्ण कर," बाहेरून आवाज आला.

"माझी मुलगी खाली आहे. पाणी आलंय."

"थंडीत कुठला पूर, बाई? नाटकं पुरे. दोन मिनिटांचं काम आहे, पूर्ण कर आणि जा."

ते ऐकत होते. तिचा श्वाससुद्धा त्यांच्या कानात पडत होता. आणि ते उठत नव्हते.

ताई म्हणाली, भीती तिथेच संपली. उरला तो नुसता संताप. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. आयुष्यात दिल्या नव्हत्या त्या शिव्या दिल्या.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

दार बडवणारे हात तिचे एकटीचे नव्हते.

तिच्या पाठीला खांदे लागत होते. कितीतरी. मानेवर गरम श्वास. तेलाचा वास, कापसाची पिंज. सगळ्या मिळून ढकलत होत्या. ताईच्या बरगड्या दाराला चेपल्या.

तिने मागे पाहिलं नाही. नुसतं ढकललं.

कडी तुटली नाही. तारेसारखी सरळ झाली.

ताई जिना कसा उतरली ते तिला आठवत नाही.

खाली... पाणी नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत. भिंती मात्र दाराच्या चौकटीच्या वरपर्यंत ओल्या, निथळणाऱ्या.

आणि चिमणीचा पाळणा जमिनीवर नव्हता.

तो वर होता. छताला टेकलेला. खोलीतल्या प्रत्येक पाळण्याची दोरी सुटून त्याच एका पाळण्याला बांधली होती, आणि सगळ्या दोऱ्या वरून ओढून धरलेल्या. घट्ट.

दिव्यांच्या कामासाठी आणलेली शिडी कोपऱ्यात होती. ताई चढली. चिमणी अंगठा चोखत झोपली होती. ताईने पाळणा खाली ओढला.

तो येईना.

तिने जोर लावला. वरूनही जोर लागला.

"देत नव्हत्या गं," ताई मला म्हणाली. "वाचवलं त्यांनीच. पण देत नव्हत्या."

मग ताईने हात सोडला. पाळण्याच्या कडेला नुसता गाल टेकवला आणि आपण तापलेल्या लेकराशी बोलतो तसं बोलली.

"मी आलेय. दार उघडलं. बघा, मी आलेय."

बराच वेळ काहीच झालं नाही...

मग एक दोरी ढिली झाली. मग दुसरी. पाळणा हळूहळू, जराही हिंदकळू न देता, जमिनीला टेकला.

चिमणीच्या मुठीत कापसाची पिंज होती.

लेकीला छातीशी धरून ताई वर गेली. साहेबांना दोन शब्द सुनावायचे होते. ते दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. यंत्र अजून कानाला. कपडे गळ्यापर्यंत चिंब. बूड टेकलं होतं ती फरशी कोरडी.

"काढा ते कानावरचं," ताई म्हणाली.

त्यांनी ते काढून तिच्यासमोर धरलं. त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

"अजून ठोकताहेत," ते म्हणाले.

साहेब पुन्हा कामावर आले नाहीत. ताई अजून तिथेच आहे. त्या दाराची कडी तिने स्वतः पेचकस घेऊन काढली आणि नदीत फेकली. ते काढून टाकलेलं वाक्य ती आता रोज सांगते. मुकादम बाहेर उभा राहून ऐकत होता, हेही. कुणी पाळण्याशेजारी फोटो काढायला गेलं तर ती नुसती बघते. लोक फोन खिशात ठेवतात.

पण एक गोष्ट राहिलीच.

घरी ताई पाळण्याची दोरी अंगठ्याला गुंडाळूनच झोपते. ती कधी सैल पडत नाही. मधेच केव्हातरी मात्र अंगठ्याला ओढ जाणवते. पाळण्याकडून नाही... वरून.

ताईचं घर शेवटच्या मजल्यावर आहे. वर फक्त गच्ची.

भावोजींना तिने सांगितलेलं नाही. ती अंधारात छताकडे बघते आणि म्हणते, "मी आहे इथे. दार उघडं आहे."

आणि मग उठून, दार खरंच उघडं आहे ना, ते बघून येते.